आईवडिलांना क्रूझवर न्यायचे आहे, पण आईला समुद्राची भीती वाटते

नाशिकच्या इंदिरानगरमधील एका वाचकाने लिहिलेल्या पत्राचा आशय असा:

"येत्या डिसेंबरमध्ये माझ्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त दोघांना, पत्नीला आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन क्रूझची सहल करावी, असा विचार आहे. एका ट्रॅव्हल एजंटाने सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे 'सर्व खर्चासह' पॅकेज सुचवले आहे. मुंबई-गोवा हा दुसरा पर्याय आहे. वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत, इन्सुलिन घेतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. आई शाकाहारी आहे, एकादशी करते आणि तिला कसारा घाटात गाडी लागते. तिचे माहेर अलिबागकडचे असल्याने 'रामदास' बोटीची हकीकत तिने लहानपणापासून ऐकली आहे आणि ती माहेरीसुद्धा बोटीने न जाता कायम पेणच्या रस्त्यानेच जाते. तिला आधी काही न सांगता तिकिटेच हातात ठेवावीत, असे मनात आहे. कोणती सहल निवडावी, केबिन कोणती घ्यावी आणि काय काळजी घ्यावी?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत, परंतु त्याआधी एक विनंती करतो. आईंना न सांगता तिकिटे काढू नका. वाढदिवसाची साडी किंवा हॉटेलातले जेवण न सांगता ठरवले तर चालते, कारण नाहीच आवडले तर तासाभरात घरी परतता येते. जहाजाचे तसे नाही. एकदा धक्का सोडला की पुढचे बंदर येईपर्यंत उतरण्याची सोय नसते, आणि मुळात पाण्याची धास्ती असलेल्या सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांच्या बाईला ही गोष्ट जहाजावर चढल्यानंतर समजणे, हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय पन्नास वर्षांचा संसार तिचाही आहे. तो कसा साजरा व्हावा, यात तिचा शब्द पहिला असावा. त्यामुळे पैसे भरण्याआधी दोघांना समोर बसवून सर्व काही मोकळेपणाने सांगा.

आईंची भीती निराधार आहे, असे मात्र त्यांना सांगू नका. १७ जुलै १९४७ रोजी ऐन पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रायगडच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतून त्या दिवशी कोणी ना कोणी गेले होते, आणि आईंच्या मनात जे बसले आहे ते याच घरांतून आलेले आहे. त्यांना समजावून सांगायचे ते एवढेच, की तेव्हाची परिस्थिती आणि आजचे क्रूझ जहाज यांत फार मोठा फरक आहे. मुंबईहून २०२१ पासून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज सुमारे २११ मीटर लांबीचे आहे. अशा जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पाते असते, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, आणि त्यामुळे जहाज आडवे डोलण्याचे प्रमाण बरेच कमी होते. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये प्रवासी जहाजांच्या सुरक्षेसाठी 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तेव्हापासून त्याचे नियम वेळोवेळी कडक होत आले आहेत. लाईफबोटी आणि तराफे मिळून जहाजावरील प्रत्येक माणसाला पुरून उरेल इतकी जागा असणे आज बंधनकारक आहे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज कलंडले, त्यानंतर प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेतली पाहिजे, असा नियम करण्यात आला.

ही कवायत अनेक प्रवासी कंटाळवाणी समजून टाळू पाहतात. आपण आईंना तिथे मुद्दाम पुढे उभे करा. सात आखूड आणि एक लांब भोंगा या आणीबाणीच्या इशाऱ्याचा अर्थ काय, आपली जमण्याची जागा कोणती, लाईफ जॅकेटचा पट्टा कसा आवळायचा, हे एकदा हाताने करून पाहिले की घाबरलेल्या माणसाला नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा त्याचा अधिक आधार वाटतो. कवायत संपल्यावर केबिनपासून त्या जागेपर्यंत आईवडिलांसह एकदा जिन्याने चालत जा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला किती पायऱ्या आहेत, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

आता बोट लागण्याविषयी. घाटात गाडी लागते म्हणजे समुद्रात बोट लागेलच असे नाही, पण इतरांपेक्षा शक्यता जास्त धरून चालावे. आपले डोळे केबिनच्या स्थिर भिंती पाहत असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मात्र हालचाल नोंदवत असतो. या दोहोंचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. म्हणूनच त्रास वाटू लागल्यावर केबिनमध्ये जाऊन पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसणे चांगले. पोट पूर्ण रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आलेपाकाचा तुकडा तोंडात ठेवल्याने पुष्कळांना बरे वाटते. गोळ्यांचा उपयोग उलटी सुरू झाल्यावर फारसा होत नाही. त्या आधी घ्याव्या लागतात. मात्र या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते, आणि वयस्क माणसाचा तोल जाण्याचा धोका असतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यांतील काही गोळ्या चालतही नाहीत. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा आणि ती नाशिकमध्येच एखाद्या सुट्टीच्या दिवशी आईंना देऊन पाहा, म्हणजे त्यांना किती गुंगी येते ते घरच्या घरी समजेल.

याहून चांगली परीक्षा आपल्या हाताशी आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे, ती साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते आणि आपली मोटारही सोबत नेता येते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये आईंना त्या बोटीने माहेरी घेऊन जा. ती बोट क्रूझ जहाजापेक्षा खूपच लहान असल्याने तिचे हेलकावेही अधिक जाणवतात. तो तास आईंना निभावला तर मोठ्या जहाजावर त्या बहुधा मजेत राहतील. त्या मांडव्याला उतरून "पुन्हा नको" म्हणाल्या, तर लाखभर रुपये वाचले आणि माहेरची भेट झाली, असे समजा आणि पन्नाशी दुसऱ्या प्रकारे साजरी करा. जहाजाचे पैसे मात्र ही फेरी होईपर्यंत भरू नका, किंवा पूर्ण परतावा मिळण्याची मुदत शिल्लक असेल तेवढ्यापुरतेच भरा.

सिंगापूर की मुंबई, या प्रश्नावर माझे मत मुंबईच्या बाजूने आहे, परंतु सिंगापूरच्या पारड्यात काय आहे तेही सांगायला हवे. सिंगापूरहून पेनांग, फुकेतकडे जाणारी जहाजे मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. दोन्ही बाजूंनी जमीन असल्यामुळे तिथले पाणी बहुधा शांत असते, आणि जहाजेही अधिक मोठी व नवी असतात. भारतीय प्रवाशांची गर्दी ओळखून तिथल्या काही जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची चांगली सोय असते. पण तिथे पोहोचायला विमानप्रवास आहे, व्हिसा आहे, आणि बंदरांचाही विचार करावा लागतो. जाहिरातीत क्वालालंपूर लिहिलेले असले तरी जहाज पोर्ट क्लांगला लागते, तिथून शहर तासाभराहून अधिक दूर आहे. फुकेतला मोठी जहाजे अनेकदा पटाँगसमोर नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकणे दुखऱ्या गुडघ्यांना कठीण जाते, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. पेनांगला मात्र जहाज जॉर्ज टाऊनच्या धक्क्यालाच लागते आणि चालत गावात जाता येते. डिसेंबरमध्ये सिंगापूरला पावसाचेही दिवस असतात.

याउलट डिसेंबरमध्ये आपला अरबी समुद्र बहुधा शांत असतो, पासपोर्टची गरज पडत नाही, आणि न आवडल्यास दोन रात्रींत घरी परतता येते. पहिल्या प्रवासासाठी मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन-तीन रात्रींचीच फेरी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. लक्षद्वीपची फेरी सुंदर असते, परंतु तिथेही जहाज दूर उभे राहते आणि लहान बोटींतून उतरावे लागते, त्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता ती तूर्त बाजूला ठेवा. गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते. एजंट कळंगुटच्या किनाऱ्याची सहल विकतील, पण ते अंतर बरेच आहे. आपले कुलदैवत गोव्याचे असेल, किंवा नसले तरी आईंना आवडत असेल, तर फोंडा तालुक्यातील मंगेशी आणि शांतादुर्गा येथे टॅक्सीने जाऊन येणे अधिक सोयीचे आणि अधिक समाधानाचे ठरेल. अट एकच: परतीची वेळ काटेकोरपणे पाळा. जहाजाने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, पण खाजगी टॅक्सीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. सांगितलेल्या वेळेच्या दीड-दोन तास आधी बंदरात परत या.

तारीख ठरवताना हवामानाइतकेच पंचांगही पाहा. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष, आणि मार्गशीर्षातले गुरुवार आपल्या आई करीत असतील तर त्या दिवशी महालक्ष्मीचा घट, आरती, सवाष्णींना हळदीकुंकू, हे सारे घरीच व्हावे लागते. जहाजावर समई, निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती, काहीही पेटवू देत नाहीत, कारण समुद्रावर आगीची भीती सर्वांत मोठी असते. शुक्रवारी निघून रविवारी किंवा सोमवारी परतणारी फेरी निवडल्यास गुरुवार सुटणार नाही. एकादशी मधे येत असेल तर फळे, दूध, दही आणि उकडलेला बटाटा सहज मिळतो, पण साबुदाण्याची खिचडी मिळेलच असे धरू नका. घरी केलेले पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, म्हणून कारखान्यात बंद केलेली राजगिऱ्याची चिक्की किंवा लाडू यांची पाकिटे सोबत ठेवा. बुकिंगच्या वेळीच शाकाहारी, आणि कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तसे, लिहून द्या. नाताळच्या आठवड्यात दर बरेच चढतात, तेव्हा डिसेंबरचा पूर्वार्ध साधला तर उत्तम. मुलीच्या शाळेचे एक-दोन दिवस बुडाले तरी चालतील.

एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्याकडची मंडळी हमखास यात अडकतात. चहासाठी विजेची किटली, इस्त्री, कॉइल किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. सामानाच्या तपासणीत या वस्तू बाजूला काढल्या जातात आणि प्रवास संपल्यावर परत मिळतात. तोवर रांगेत उभे राहून बॅग उघडून दाखवण्याची पाळी येते ती वेगळीच. चहा बुफेमध्ये पुष्कळ मिळतो. आईंना आपल्या हातचाच चहा लागत असेल तर गवती चहाचे बंद पाकीट न्यावे आणि तिथल्या गरम पाण्यात टाकावे.

वडिलांच्या इन्सुलिनबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि सर्व गोळ्या दुप्पट प्रमाणात, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर जमा केल्या जातात आणि केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते, तोपर्यंत दुपारच्या जेवणाची वेळ निघून गेलेली असते. केबिनमधले लहान फ्रिज बऱ्याचदा नीट गार करीत नाहीत. इन्सुलिनसाठी खात्रीची जागा हवी, असे बुकिंग करतानाच कळवा आणि चढल्यावर पुन्हा विचारा. वापरलेल्या सुया टाकण्यासाठी वेगळा डबा मागून घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावांसह सोबत असू द्या. बुफे म्हणजे दिवसभर समोर मांडलेले गोड पदार्थ, तेव्हा घरच्या जेवणाच्या वेळा जहाजावरही मोडू देऊ नका. जहाजावर डॉक्टर आणि दवाखाना असतो, पण त्याचे शुल्क भारी असते आणि तिथे बहुधा आधी पैसे भरून नंतर विम्याकडे मागावे लागतात. परदेशी फेरीसाठी आपला इथला मेडिक्लेम धरून चालू नका. वेगळा प्रवास विमा घ्या, त्यात मधुमेह स्पष्टपणे लिहा, आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या. मधुमेह लपवून घेतलेला विमा ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

जेवणाआधी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. बंद जागेत पोटाचे विकार झपाट्याने पसरतात, आणि त्यांना कारण ठरणाऱ्या नोरोव्हायरसवर बाटलीतील सॅनिटायझरचा परिणाम फारसा होत नाही.

केबिनच्या बाबतीत एजंट बाल्कनीचा आग्रह धरतील. माझ्या मते आपल्याला आधी पाहायची ती केबिनची जागा. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात; टोकाला आणि उंचावर सर्वांत जास्त. त्यामुळे आईवडिलांसाठी मधली, खालच्या मजल्यावरची, खिडकी असलेली केबिन घ्या. खिडकी हवी, कारण बिनखिडकीच्या आतल्या केबिनमध्ये दिवस-रात्र समजत नाही आणि क्षितिजही दिसत नाही. लिफ्टच्या जवळ पण लिफ्टला अगदी लागून नको, आणि पोहण्याच्या तलावाच्या किंवा नाचाच्या हॉलच्या थेट खालीही नको, हे मजल्यांचा नकाशा समोर ठेवून एजंटाकडून नंबरासह ठरवून घ्या. "केबिन नंतर देऊ" अशी स्वस्त सवलत या प्रवासात घेऊ नका. न्हाणीघर लहान असते आणि त्याच्या दाराला चार बोटे उंच उंबरा असतो, त्यावर रात्री पाय अडखळतो. बारीक उजेडाचा दिवा लावून ठेवा आणि रबरी तळव्याच्या सपाता न्या. आपली केबिन त्यांच्या समोर किंवा शेजारी असावी. बोळातली सगळी दारे एकसारखी दिसतात, म्हणून वडिलांच्या दाराला लाल दोरीचा लहानसा गोंडा अडकवला, तर त्यांना दरवाजा शोधत फिरावे लागणार नाही. मुलीची काळजी फारशी नको. फक्त तलावाजवळ जीवरक्षक असेलच असे गृहीत धरू नका.

'सर्व खर्चासह' या शब्दांचा अर्थ एजंटाकडून लेखी घ्या. केबिन, बुफे आणि मुख्य भोजनगृहातले जेवण, तलाव आणि करमणुकीचे कार्यक्रम हे सहसा भाड्यात असतात. बंदर शुल्क, कर, शीतपेये व मद्य, खास उपाहारगृहे, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली, कपडे धुणे आणि जहाजावर काढलेली छायाचित्रे यांचे पैसे बहुधा वेगळे. परदेशी जहाजांवर सेवाशुल्क म्हणून दरमाणशी दररोज साधारण १५ ते २० डॉलर आपोआप लागतात. पाच माणसांच्या चार रात्रींचा हिशेब करून पाहिल्यास ही रक्कम किती होते ते लक्षात येईल. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकरही घेतला जातो, तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना जमा धरता येतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवा. जहाजावर सगळे व्यवहार एका कार्डावर होतात आणि त्यासाठी आपल्या बँक कार्डावर रक्कम अडवून ठेवली जाते. तिथे डेबिट कार्ड देऊ नका, कारण अडवलेली रक्कम सुटायला दिवस लागतात आणि तोवर खात्यातले खरे पैसे अडकून राहतात. फोन पूर्ण प्रवासभर विमान-मोडवर ठेवा. किनारा दूर गेल्यावर फोन जहाजाचे नेटवर्क पकडतो आणि एका कॉलचे बिलही डोळे पांढरे करते.

हवामानामुळे एखादे बंदर गाळण्याचा अधिकार जहाज कंपनीकडे असतो आणि त्याची भरपाई सहसा बंदर शुल्कापुरतीच मिळते. गोव्याचे देवदर्शन नक्की होईल, असे वचन आईंना देऊ नका. सर्वांची नावे तिकिटावर आणि आधार कार्डावर अक्षरशः सारखी आहेत का तेही पाहा. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते, आणि धक्क्यावर त्यावरून खोळंबा होतो. एजंटाने दिलेला बुकिंग क्रमांक कंपनीकडे स्वतः फोन करून पडताळा.

नाशिकहून धक्क्यावर जाण्यासाठी मोटारीपेक्षा रेल्वे बरी. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून घाट सोपा झाला असला तरी भिवंडी-ठाण्याच्या पुढची कोंडी कायम आहे, आणि जहाजाची नोंदणी सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. सकाळच्या पंचवटीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात की बॅलार्ड पिअर हा क्रूझ जहाजांचा धक्का टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. वडिलांसाठी धक्क्यावर व्हीलचेअर हवी असल्यास तेही बुकिंगच्याच वेळी सांगून ठेवा. टर्मिनलमधली रांग आणि जहाजाचा उतार दोन्ही लांब असतात. एवढ्या दगदगीची आईंना सवय नसेल तर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा. परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधे आणि आधार कार्डे त्यांत जाणार नाहीत, याची जबाबदारी मुलीकडे द्या, त्या वयात मुले अशी कामे चोख करतात. जहाज सकाळी लागले तरी उतरायला दुपार होऊ शकते, म्हणून परतीचे आरक्षण संध्याकाळच्या पंचवटीचे करा, आणि ते आजच पाहून ठेवा, कारण शनिवार-रविवारला जोडून त्या गाडीची पाच आसने एकत्र मिळणे जहाजाच्या केबिनपेक्षाही अवघड आहे.